वाहन विक्रेत्याचे व्यापार प्रमाणपत्र : अटी, वाद आणि ग्राहकाचे हित

वाहनकर्जासाठी बँकेत येणारा ग्राहक सर्वसाधारणपणे तीन गोष्टींची चौकशी करतो. व्याजाचा दर किती, हप्ता किती आणि रक्कम हाती कधी पडणार. विक्रेत्याकडे गेल्यावर तो रंग, सवलत आणि गाडी मिळण्याचा दिवस विचारतो. विक्रेत्याच्या दालनात भिंतीवर एक शासकीय कागद चौकटीत लावलेला असतो, त्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ‘व्यापार प्रमाणपत्र’, म्हणजेच आपण ज्याला ‘ट्रेड सर्टिफिकेट’ म्हणतो, तो हा कागद होय. तो मुदतीत आहे किंवा नाही आणि त्यावरील अटी पाळल्या जातात किंवा नाहीत, यावर नव्या गाडीची नोंदणी, तिचा विमा आणि पर्यायाने बँकेचे तारण अवलंबून असते. या अटींवरून विक्रेते व परिवहन खाते यांच्यात वाद होतात, कित्येकदा ते न्यायालयापर्यंत जातात, आणि त्यांची झळ त्या वादाशी काडीचाही संबंध नसलेल्या ग्राहकाला लागते. म्हणून हा विषय थोडा सविस्तर समजून घेणे उपयुक्त ठरेल.

परवाना नव्हे, सशर्त सवलत

प्रथम एक मूलभूत गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बोलीभाषेत आपण ‘डीलरचे लायसन्स’ असा शब्दप्रयोग करतो. कायद्याच्या दृष्टीने व्यापार प्रमाणपत्र हा वाहने विकण्याचा परवाना नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३९ नुसार नोंदणी झाल्याखेरीज कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही. हा नियम अपवादाविना लागू केला तर विक्रेत्याचा धंदा चालणेच अशक्य होईल. कारखान्यातून आलेली गाडी गोदामात न्यायची, गोदामातून दालनात आणायची, ग्राहकाला चालवून दाखवायची, आणि हे सारे ती कोणाच्याही नावावर नोंदली जाण्यापूर्वी करायचे असते. म्हणून याच कलमाच्या परंतुकात विक्रेत्याच्या ताब्यातील वाहनांना केंद्र सरकार ठरवील त्या अटींवर नोंदणीपासून सूट देण्यात आली आहे.

या अटी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३३ आणि त्यापुढील नियमांत आहेत. ज्या क्षेत्रात विक्रेत्याचे व्यवसायाचे ठिकाण आहे, त्या क्षेत्राच्या नोंदणी प्राधिकाऱ्याकडून व्यापार प्रमाणपत्र घेणे ही पहिली अट. प्रमाणपत्राबरोबर विक्रेत्याला एक व्यापार नोंदणी चिन्ह मिळते. राज्य आणि जिल्ह्याच्या संकेतांकानंतर ‘टीसी’ ही अक्षरे असलेली पाटी आपण रस्त्यावर पाहिलेली असेल, तीच ही. हे प्रमाणपत्र दुसऱ्याला वापरावयास देता येत नाही. कोणकोणत्या कामांसाठी असे वाहन रस्त्यावर आणता येईल, याची यादी नियम ४१ मध्ये आहे : चाचणी, वजनकाट्यावर नेणे-आणणे, नोंदणीसाठी नेणे, संभाव्य खरेदीदारास प्रात्यक्षिक दाखविणे, दुरुस्ती किंवा रंगकाम, रेल्वे स्थानक अथवा बंदरावरून आणणे, प्रदर्शनात नेणे, इत्यादी. विक्रेत्याच्या घरगुती कामासाठी वा भाड्याने देण्यासाठी ही सवलत नाही. आणि सर्वांत महत्त्वाची अट नियम ४२ ची : तात्पुरती वा कायम नोंदणी झाल्याशिवाय प्रमाणपत्रधारकाने खरेदीदाराच्या हाती वाहन सोपवू नये.

परवाना आणि सशर्त सवलत यांतला हा फरक केवळ शब्दांचा नाही. परवाना गेला तर धंदाच बंद होतो. सवलत गेली तर कायद्याचा सर्वसाधारण नियम लागू होतो, म्हणजे ताब्यातील प्रत्येक गाडी नोंदणीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. व्यवहारात दोन्हींचा परिणाम विक्रेत्याला जवळजवळ सारखाच भोगावा लागतो. म्हणूनच तो न्यायालयात जातो तेव्हा, ‘माझा व्यवसाय करण्याचा मूलभूत हक्क हिरावला’ असे म्हणतो, आणि खाते उत्तर देते की, ‘आम्ही केवळ सवलतीची अट न पाळल्याचा परिणाम लागू केला.’ बहुतेक वादांचे मूळ येथे सापडते.

वाद पहिला : प्रमाणपत्र कोणाला, कोठे आणि किती?

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(छ) ने प्रत्येक नागरिकाला व्यवसाय करण्याचा हक्क दिला आहे आणि अनुच्छेद १९(६) ने सार्वजनिक हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा राज्याला दिली आहे. वाहनांची नोंदणी ही रस्त्यावरील सुरक्षितता, चोरीचा तपास आणि कर यांच्याशी निगडित असल्यामुळे व्यापार प्रमाणपत्राची अट ‘वाजवी’ आहे, याविषयी फारसे दुमत नाही. मतभेद होतात ते अटीच्या व्याप्तीवरून.

एका विक्रेत्याची एकाच शहरात चार दालने असतील तर प्रमाणपत्र एक की चार? नियम ‘व्यवसायाचे ठिकाण’ असे म्हणतो. विक्रेत्याचा युक्तिवाद असा की, माझी कंपनी एक, प्रमाणपत्र एक, बाकीची दालने केवळ गाड्या दाखविण्यापुरती आहेत, तेथून गाडी रस्त्यावर येतच नाही, आणि कलम ३९ मनाई करते ती चालविण्याला. खात्याचे म्हणणे असे की, नियम ३३ ‘ताब्यातील’ वाहनांविषयी बोलतो. जेथे वाहने ताब्यात ठेवून व्यवसाय केला जातो ते प्रत्येक ठिकाण व्यवसायाचे ठिकाण आहे, आणि चालवून दाखविण्याची सोय नसलेले दालन तर शोधूनही सापडणार नाही. कारखानदार कंपन्या मध्यस्थ विक्रेता न नेमता स्वतःच दालने उघडू लागल्यावर हा प्रश्न अधिक टोकदार झाला. २०२५ मध्ये महाराष्ट्रात परिवहन विभागाने एका विद्युत दुचाकी उत्पादकाच्या अनेक विक्री दालनांवर व्यापार प्रमाणपत्र नसल्याच्या कारणावरून कारवाई केली, तेव्हा हाच मुद्दा वृत्तपत्रांतून सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला.

शुल्काचा प्रश्नही याच जातीचा आहे. १९८९ च्या मूळ नियमांत प्रत्येक वर्गाच्या वाहनांसाठी स्वतंत्र अर्ज करावा, असे एका नियमात म्हटले होते. तर दुसऱ्या नियमात प्रत्येक प्रमाणपत्राला व प्रत्येक वाहनाला क्रमांक देण्याची भाषा होती. मग शुल्क वर्गामागे घ्यायचे की वाहनामागे? वर्षाला दहा-बारा गाड्या विकणाऱ्याला या फरकाचे काही वाटणार नाही. परंतु हजारो दुचाकी विकणाऱ्या विक्रेत्याला मागील काही वर्षांच्या फरकाची मागणी आली तर त्याच्या ताळेबंदाचे चित्रच बदलू शकते. त्याला माल-साठ्यावर कर्ज देणाऱ्या बँकेने ही शक्यता नजरेआड करून चालत नाही.

या संदिग्धतेचा काही भाग २०२२ मध्ये दूर झाला. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये काढलेल्या अधिसूचनेने व्यापार प्रमाणपत्राची व्यवस्था बदलली आणि ती १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाली. पूर्वी प्रमाणपत्राची मुदत १२ महिन्यांची असे, ती ५ वर्षांची झाली. निरनिराळ्या वर्गांच्या वाहनांसाठी ‘वाहन’ पोर्टलवर एकाच अर्जाची सोय झाली. ज्या वाहनांची कायम वा तात्पुरती कोणतीच नोंदणी झालेली नाही त्यांच्यापुरतीच व्यापार प्रमाणपत्राची गरज आहे, हेही स्पष्ट करण्यात आले. दरवर्षी नूतनीकरणासाठी कचेरीत खेटे घालण्याचा त्रास संपला, हा त्यातला मोठा लाभ. मात्र मुदत लांबली की तारखेचा विसर पडण्याचा धोकाही वाढतो, हे विसरू नये.

वाद दुसरा : परिपत्रकाने घातलेली अट

नियमांत नसलेली एखादी अट खात्याच्या परिपत्रकाने घातली गेली तर ती बंधनकारक ठरते काय? उदाहरणार्थ, दुचाकीबरोबर शिरस्त्राण देण्याचे घ्या. केंद्रीय नियम १३८ मध्ये दुचाकी खरेदीच्या वेळी उत्पादकाने भारतीय मानक ब्यूरोच्या मानकाचे शिरस्त्राण पुरवावे, अशी तरतूद आहे. ती नियमातच असल्यामुळे तिच्या बंधनकारकतेविषयी शंका नाही. पण समजा, एखाद्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने ‘दोन शिरस्त्राणांची पावती जोडल्याशिवाय नोंदणीचा अर्ज घेणार नाही आणि न जोडणाऱ्या विक्रेत्याचे प्रमाणपत्र निलंबित करू’ असा आदेश काढला, तर? हेतू निःसंशय चांगला आहे. परंतु हेतू चांगला असणे आणि अधिकार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

येथे सर्वोच्च न्यायालयाने इतर व्यापारांच्या संदर्भात घालून दिलेले तत्त्व उपयोगी पडते. आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्हा भुईमूग व्यापारी संघाच्या १९८९ च्या प्रकरणात भुईमूग व त्याच्या तेलाच्या वाहतुकीवर प्रशासकीय सूचनांद्वारे घातलेले निर्बंध न्यायालयाने टिकू दिले नाहीत. व्यापाराच्या हक्कावर मर्यादा घालायची तर तिला कायद्याचा आधार हवा, केवळ प्रशासकीय सूचना पुरेशी नाही, असा त्याचा मथितार्थ. हेच तत्त्व वाहन विक्रेत्यांना लागू करता, प्रत्येक अटीला तीन प्रश्न विचारता येतात. ही अट अधिनियमात वा नियमात आहे काय? नसल्यास, ती घालण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला कोणत्या तरतुदीने दिला? आणि तो अधिकार असल्यास, अटीचा नोंदणीच्या मूळ हेतूशी काही संबंध आहे काय? तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देणारी अट न्यायालयात सहसा टिकते.

वाद तिसरा : निलंबन आणि रद्दीकरण

विक्रेत्याने अटींचा भंग केला आहे, असे मानण्यास कारण असेल तर नोंदणी प्राधिकारी प्रमाणपत्र निलंबित वा रद्द करू शकतो. नियम ४४ च्या मूळ रचनेतच, धारकाला म्हणणे मांडण्याची संधी दिल्यानंतरच असे करावे, असे म्हटलेले आहे. प्रमाणपत्र नाकारतानाही सुनावणी आणि लेखी कारणे आवश्यक मानली गेली, आणि आदेशाने व्यथित झालेल्यास ३० दिवसांच्या आत परिवहन खात्याच्या प्रमुखाकडे अपील करण्याची वाट नियम ४५ ने ठेवली.

प्रत्यक्षात खटके उडतात ते असे. तपासणी पथक दालनात येते, विनानोंदणी गाडी ग्राहकाच्या दारात आढळली असा अहवाल देते आणि दुसऱ्याच दिवशी निलंबनाचा आदेश निघतो. नोटीस असते ती छापील, तिच्यात आरोपाचा तपशील नसतो. अशा वेळी विक्रेत्याचा पहिला आक्षेप नैसर्गिक न्यायाचा असतो, कारण कोणावर काय आरोप आहे हे सांगितल्याविना सुनावणीला अर्थ उरत नाही. दुसरा आक्षेप कारणांचा. मोहिंदर सिंग गिल विरुद्ध मुख्य निवडणूक आयुक्त या १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वैधानिक अधिकाऱ्याच्या आदेशाची वैधता आदेशात नमूद केलेल्या कारणांवरूनच तपासली जाईल. मागाहून प्रतिज्ञापत्र करून नवी कारणे पुरविता येणार नाहीत. तिसरा आक्षेप प्रमाणाचा. एका गाडीच्या संदर्भातील चुकीसाठी संपूर्ण दालनाचा व्यवहार महिनाभर बंद ठेवणे वाजवी आहे काय, हा प्रश्न न्यायालय विचारू शकते.

तथापि या आक्षेपांचा अर्थ विक्रेता निर्दोष ठरतो, असा नव्हे. कार्यपद्धतीतील दोषामुळे आदेश रद्द झाला तर खाते योग्य नोटीस देऊन नव्याने कारवाई करू शकते. दरम्यानच्या काळात ज्या ग्राहकांनी पैसे भरले आहेत त्यांच्या गाड्या अडकून राहतात आणि त्यांच्या कर्जावरील व्याज मात्र दररोज चालूच असते.

नोंदणीविना हाती आलेली गाडी

या साऱ्या अटींमध्ये ग्राहकाच्या जिवाशी आणि खिशाशी सर्वाधिक भिडणारी अट नोंदणीपूर्वी वाहन न सोपविण्याची आहे. आणि तीच मोडण्याचा आग्रह अनेकदा ग्राहक स्वतः धरतो! गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या दिवशी गाडी दारात यावी, तिला हार घालावा, पेढे वाटावेत ही आपल्याकडची जुनी हौस आहे. ‘कागद नंतर होतील, गाडी आज द्या’ असे विक्रेत्याला सांगितले जाते आणि गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून तोही मान तुकवितो.

त्याचे परिणाम काय होऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या दोन प्रकरणांवरून दिसते. दोन्हींत तात्पुरती नोंदणी झालेली होती, पण तिची मुदत संपून गेली होती. पहिल्या प्रकरणात वाहनाला अपघात झाला. न्यू इंडिया अॅश्युरन्स कंपनीने नुकसानभरपाई नाकारली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने तिचे म्हणणे मान्य केले. विनानोंदणी वाहन रस्त्यावर आणणे हा कायद्याचा भंग तर आहेच, पण विमा कराराच्या शर्तींचाही मूलभूत भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले. दुसरे प्रकरण राजस्थानातील. नव्या गाडीची तात्पुरती नोंदणी १९ जुलै २०११ रोजी संपली. २८ जुलैच्या रात्री जोधपूर येथे मालक उतरला होता त्या अतिथिगृहाबाहेरून ती चोरीस गेली. राज्य ग्राहक आयोगाने आणि नंतर राष्ट्रीय आयोगाने मालकाच्या बाजूने निर्णय दिले. परंतु ३० सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनीचे अपील मान्य केले आणि मालकाचा दावा फेटाळला गेला. अवघ्या नऊ दिवसांच्या दिरंगाईने ६,१७,८०० रुपयांचे विमासंरक्षण निरुपयोगी ठरले. हप्ता वेळेवर भरलेला होता, पॉलिसी चालू होती, तरीही!

कर्जदाराच्या दृष्टीने याचा अर्थ विदारक आहे. गाडी गेली, विमा मिळाला नाही आणि कर्ज मात्र जसेच्या तसे उरले. बदलीच्या नोकरीनिमित्त एका राज्यात गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात नेणाऱ्या ग्राहकांनी, आणि यात आपले कर्मचारीबंधूही आलेच, ही तारीख डोळ्यांत तेल घालून पाहिली पाहिजे.

२०१९ च्या दुरुस्ती अधिनियमाने ही जबाबदारी बरीचशी विक्रेत्यावर टाकली. ज्या राज्यात विक्रेता आहे त्याच राज्यात नव्या वाहनाची नोंदणी होणार असेल तर अर्ज विक्रेत्यानेच करावयाचा आणि नोंदणी चिन्ह लावल्याशिवाय गाडी मालकाच्या हाती द्यावयाची नाही, असे कलम ४१ मध्ये नमूद झाले. असा अर्ज न करणाऱ्या विक्रेत्याला वार्षिक पथकराच्या १५ पट किंवा त्या वाहनाचा आजीवन कर, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तितका दंड कलम १९२-ब ने ठेवला. म्हणजे जी गोष्ट पूर्वी सवलतीची अट होती, ती आता अधिनियमातील थेट कर्तव्य झाली. यानंतर ‘ग्राहकानेच आग्रह केला’ ही विक्रेत्याची सबब फारशी उपयोगाची राहिलेली नाही.

नियम बदलला आणि माल उरला

प्रमाणपत्र मुदतीत आहे, अटी पाळल्या आहेत, तरीही दालनातील गाड्या एका रात्रीत विक्रीयोग्य राहिल्या नाहीत, असेही घडले आहे. वायुप्रदूषणाच्या मानकांसंबंधी २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज-३ मानकाची वाहने विकली वा नोंदली जाणार नाहीत. नव्या मानकाची तारीख उत्पादनाला लागू आहे, विक्रीला नाही, असा उत्पादकांचा युक्तिवाद होता. लोकांचे आरोग्य व्यापारी हितापेक्षा मोठे आहे, असे सांगून न्यायालयाने तो नाकारला. त्या वेळी देशभरात सुमारे ८.२४ लाख अशी वाहने शिल्लक होती, त्यांत सुमारे ६.७१ लाख दुचाकी होत्या. उरलेल्या दोन दिवसांत दालनांबाहेर लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील.

पुढच्या टप्प्यासाठी न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१८ रोजीच सांगून ठेवले की, १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-४ ची वाहने विकता येणार नाहीत. परंतु ऐन मुदतीच्या तोंडावर टाळेबंदी आली. २७ मार्च २०२० रोजी दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्र वगळता, टाळेबंदी उठल्यावर दहा दिवसांत शिल्लक मालापैकी १० टक्के विकण्याची सवलत देण्यात आली. ही मुभा सुमारे १.०५ लाख वाहनांची होती, प्रत्यक्षात सुमारे २.५५ लाख विकली गेल्याचे आढळले, आणि ८ जुलै २०२० रोजी न्यायालयाने तो आदेश मागे घेतला. १३ ऑगस्टला ३१ मार्चपूर्वी विकल्या गेलेल्या व पोर्टलवर नोंद झालेल्या वाहनांच्या नोंदणीस, राजधानी क्षेत्र वगळून, परवानगी मिळेपर्यंत हजारो ग्राहक पैसे भरून नोंदणीविना बसले होते. सवलतीची मर्यादा ओलांडली की सवलतच धोक्यात येते, हा धडा त्यातून सर्वांनाच मिळाला.

कर्ज देणारी संस्थाही ‘विक्रेता’?

बँक कर्मचाऱ्यांसाठी यात आणखी एक बारकावा आहे. अधिनियमाच्या कलम २(८) मधील ‘विक्रेता’ या शब्दाच्या व्याख्येत वाहनांवर साटा बांधणारे, दुरुस्ती करणारे यांच्याबरोबर वाहनांच्या नजरगहाण, भाडेपट्टा अथवा भाडे-खरेदीचा व्यवसाय करणारेही समाविष्ट आहेत. शब्दशः पाहिले तर वाहनकर्ज देणाऱ्या संस्थेलाही ही व्याख्या स्पर्श करते. याचे कारण नियम ४१ मध्येच सापडते. कर्ज थकल्यामुळे ताब्यात घेतलेले वाहन हलविणे, हा व्यापार प्रमाणपत्राच्या मान्य उपयोगांपैकी एक म्हणून तेथे नोंदविलेला होता. गाडी नोंदलेली असेल तर २०२२ नंतर या प्रमाणपत्राची गरज पडत नाही. परंतु नोंदणीपूर्वीच थकलेल्या प्रकरणात प्रश्न उभा राहू शकतो.

ताबा घेतल्याने जबाबदारीही येते. महिंद्रा अँड महिंद्रा फायनान्शिअल सर्व्हिसेस विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, त्या राज्याच्या करकायद्यानुसार, थकीत कर्जामुळे परिवहन वाहन ताब्यात घेणारी वित्तसंस्था ताबा घेतल्याच्या दिवसापासून त्यावरील कराला जबाबदार आहे. म्हणजे ताब्यातील गाडी आवारात महिनोन् महिने उभी ठेवणे हा विनाखर्चाचा पर्याय नाही.

जुन्या गाड्यांचा बाजार

जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांवर देशभर लागू अशी अट फार काळ नव्हती. मालक गाडी दलालाच्या हाती देत असे, दलाल तिसऱ्याला विकत असे आणि नोंदणी पुस्तिकेवर नाव पहिल्याचेच राही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात २००७ पासून गाडी अशी हातोहाती फिरली होती आणि २००९ मध्ये अपघात झाला. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, असे सांगून न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या मालकावर ठेवली. त्याने गाडी विकून दोन वर्षे झाली होती!

या दुखण्यावरचा उपाय म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय नियमांत सुधारणा झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत वाहनांच्या विक्रेत्यांसाठी प्राधिकारपत्राची पद्धत सुरू झाली. मालकाने गाडी अशा अधिकृत विक्रेत्याकडे सोपविली की त्याची सूचना पोर्टलवर दिली जाते. गाडीच्या प्रत्येक फेरीची नोंद ठेवणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. हे बंधन व्यापाऱ्याला जाचक वाटेल. पण एका कोऱ्या सही केलेल्या अर्जावर गाडी देऊन टाकणाऱ्या मालकाचे ते संरक्षण आहे.

आपण काय पाहावे?

ग्राहकांनी पुढील काळजी घ्यावी :

१. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी, ज्या दालनातून गाडी मिळणार आहे त्याचे व्यापार प्रमाणपत्र आणि त्याची मुदत पाहावी. मागण्यात संकोच नसावा.

२. नोंदणी चिन्ह लागल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. मुहूर्त साधायचाच असेल तर नोंदणीचे सोपस्कार आठवडाभर आधी पूर्ण करून घ्यावेत.

३. तात्पुरत्या नोंदणीची अंतिम तारीख वहीत टिपून ठेवावी आणि तिच्या आत कायम नोंदणी करावी.

४. नोंदणी पुस्तिकेवर बँकेच्या नजरगहाणाची नोंद झाली आहे हे तपासून तिची प्रत शाखेत द्यावी. कर्ज फिटल्यावर नमुना ३५ द्वारे ती नोंद काढून घ्यावी.

५. जुनी गाडी विकताना अधिकृत विक्रेता निवडावा आणि पोर्टलवरील सूचनेची पोच जपून ठेवावी.

शाखांनीही विक्रेत्याच्या खात्यात रक्कम वर्ग करण्यापूर्वी प्रमाणपत्राची मुदत तपासावी, माल-साठ्यावरील कर्जाच्या वार्षिक आढाव्यात परिवहन खात्याकडून आलेल्या नोटिसा व प्रलंबित दावे यांची माहिती मागवावी, आणि वितरणानंतर ठरावीक दिवसांत नोंदणीची प्रत न आल्यास पाठपुरावा करावा.

व्यापार प्रमाणपत्राच्या अटी विक्रेत्याला अडविण्यासाठी आहेत, अशी एक समजूत आढळते. वस्तुतः कारखान्याचे फाटक आणि मालकाचे दार यांच्यामध्ये प्रत्येक गाडी काही काळ कोणाच्याच नावावर नसते. त्या काळात अपघात झाला, चोरी झाली तर उत्तर कोणी द्यायचे, हे या अटी ठरवितात. विक्रेत्याने त्या अन्यायकारक वाटल्यास न्यायालयात जावे, तो त्याचा हक्क आहे. मात्र तो वाद निकालात निघेपर्यंत विनानोंदणी गाडीचा धोका ग्राहकाने आपल्या शिरावर घेऊ नये. गाडीला घालायचा हार एक दिवस उशिरा घातला तरी चालतो, नोंदणीची मुदत मात्र एक दिवसही थांबत नाही.